साठा कुणाच्या ताटातला?

ऑगस्ट २०१९मध्ये पंचगंगेच्या पुराने कोल्हापूरला वेढले. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला. उपसा केंद्रे बुडाली, नळ कोरडे पडले.

ज्याच्या घरी तेव्हा आठवड्याचे पाणी, शिधा, औषधे होती, तो स्वार्थी? टँकरच्या रांगेतली त्याची घागर तर कमीच झाली! मे महिन्यात भरलेला डबा कुणाचे काही हिरावत नाही. पाणी चढू लागल्यावर दुकान रिकामे करणारा मात्र शेजाऱ्याच्या ताटातले उचलतो.

सावरलेला शेजारीच आधी धावतो. १९९५च्या भूकंपात जपानमधल्या कोबेत वाचवलेल्यांपैकी बहुतेकांना घरच्यांनी, शेजाऱ्यांनीच ढिगाऱ्यातून काढले.

पण हातावर पोट असलेल्यांना साठा कुठून परवडणार? २०२५मध्ये केंद्राने पावसाळ्याचे तीन महिन्यांचे रेशन एकदम द्यायला सांगितले. हे दरवर्षी व्हावे.