ओहमचा नियम मोरीपर्यंत पोहोचायला हवा

पावसाळा सुरू झाला की वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर काही बातम्या ठरल्यासारख्या येतात. कपडे वाळत घालायच्या तारेत वीज उतरली, शेतातला पंप सुरू करायला गेलेला तरुण स्टार्टरपाशीच कोसळला, बादलीतल्या हीटर रॉडला हात लागला. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांनुसार अलीकडच्या वर्षांत देशात विजेच्या धक्क्याने वर्षाला दहा हजारांहून अधिक माणसे दगावतात. अशा मृत्यूला ‘नशीब’ म्हणून मोकळे होण्याची सवय आहे. खरे तर त्यामागे एक साधा भागाकार असतो.

जर्मन शास्त्रज्ञ जॉर्ज ओहम यांनी १८२७ मध्ये मांडलेला नियम शाळेत सगळ्यांनीच घोकलेला असतो. व्होल्टेजला विद्युतधारेने भागले की रोध मिळतो आणि व्होल्टेजला रोधाने भागले की विद्युतधारा. व्होल्टेज आणि धारा यांचा गुणाकार म्हणजे शक्ती, अर्थात वॅट. २००० वॅटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर धारा घेतो, म्हणजे त्याच्या कॉइलचा रोध साधारण २६ ओहम. परीक्षेत एवढ्यावर पूर्ण गुण मिळतात. पण त्याच गणितात कॉइलच्या जागी माणूस ठेवून पाहायला कोणी शिकवत नाही.

माणसाच्या शरीराचा मुख्य रोध त्वचेत असतो. आतले रक्त आणि स्नायू म्हणजे खारे पाणीच, त्यातून वीज सहज वाहते. कोरड्या त्वचेचा रोध कमी व्होल्टेजवर हजारो ओहम भरतो, म्हणून बॅटरीच्या सेलला हात लावला तर काही जाणवत नाही. घरातल्या २३० व्होल्टपुढे मात्र कोरडी त्वचाही फार तग धरत नाही आणि ती ओली असेल तर आडकाठी जवळजवळ संपतेच. हातापासून पायापर्यंत १००० ओहम रोध धरला तर २३० भागिले १००० म्हणजे ०.२३ अँपिअर, अर्थात २३० मिलिअँपिअर. पायात कोरडी रबरी चप्पल असेल तर तिचा रोध यात मिळतो आणि धारा कमी होते. मोरीत चप्पल नसते, पाय ओले असतात.

हा आकडा किती मोठा? एका मिलिअँपिअरला झिणझिण्या येतात. दहा ते सोळाच्या आसपास बोटांचे स्नायू आखडतात आणि तार सोडायची म्हटली तरी सुटत नाही. ‘विजेने ओढून धरले’ असे लोक म्हणतात, पण धरून ठेवतो तो माणसाचा स्वतःचाच हात. शंभर मिलिअँपिअरच्या आसपासची धारा सेकंदभर छातीतून गेली, तर हृदयाचे ठोके विस्कटून ते नुसते थरथरत राहण्याचा धोका मोठा असतो. रक्त पुढे ढकललेच जात नाही. अंगावर भाजल्याची खूणही नसते, कारण २३० व्होल्ट गुणिले ०.२३ अँपिअर म्हणजे जेमतेम ५३ वॅट.

‘घरात एमसीबी आहे, काळजी नाही’ हा समज इथेच उघडा पडतो. १६ अँपिअरची एमसीबी १६ अँपिअरच्या वर धारा गेली तरच पडते. माणसाचा जीव घेणारी धारा तिच्या सुमारे सत्तराव्या हिश्शाइतकीच असते. एमसीबी वायरिंग वाचवते, माणसाला नाही. माणसासाठी आहे तो ईएलसीबी किंवा आरसीसीबी. फेजमधून गेलेली धारा न्यूट्रलमधून तेवढीच परत येते का, एवढेच तो पाहतो. घरासाठीच्या उपकरणात ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की सेकंदाच्या अंशात तो वीज तोडतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम धरले तर तो वाचवेलच असे नाही आणि चांगल्या अर्थिंगलाही तो पर्याय नाही. पण बहुतेक घरगुती धक्के जमिनीकडे जाणाऱ्या धारेचेच असतात.

खर्चाचे कारण पुढे केले जाते, पण हे उपकरण साध्या स्मार्टफोनपेक्षा स्वस्त आहे. दुसरी तक्रार अशी, की पावसाळ्यात ते सारखे पडते. मग वायरमनला बोलावून ते काढून टाकले जाते, म्हणजे ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फोडण्यातला प्रकार. सारखे पडते याचा अर्थ कुठेतरी वीज झिरपते आहे. ती जागा शोधायला हवी.

म्हणून प्रत्येक घराच्या आणि शेतपंपाच्या जोडणीत हे संरक्षण बसवलेच पाहिजे आणि ते चालू आहे याची तपासणीही झाली पाहिजे. त्यावरचे ‘टेस्ट’ बटण महिन्यातून एकदा दाबणे घरच्यांच्या हातात आहे. शाळांनीही ओहमच्या नियमाच्या उदाहरणांत गिझरच्या जोडीला ओल्या हाताचे एक गणित घालावे.

तोवर एवढे तरी घरोघरी माहीत असावे : धक्का बसलेल्याला आधी हात लावायचा नाही, मेन स्विच बंद करायचा. श्वास थांबला असेल तर लगेच छातीवर मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब द्यायला सुरुवात करायची आणि दुसऱ्याला १०८ क्रमांकावर फोन करायला सांगायचे. माणूस उठून बसला तरी दवाखान्यात नेऊन ईसीजी काढलेला बरा.