पडदा सुटला, पण कोणता?

रुग्ण पिशवीतून नेत्रतपासणीचा अहवाल काढून पुढे ठेवतो. त्यात ‘पी.ई.डी.’ अशी तीन अक्षरे असतात. घरातील कोणी त्यांचा अर्थ ‘डोळ्याचा पडदा सुटला’ असा लावलेला असतो. आपल्यापैकी काही वैद्यही तोच अर्थ ग्राह्य धरतात. काही ‘तिमिर’ असे निदान करून त्रिफळाघृत सुरू करतात. या दोन्ही गोष्टी आम्हांस चिंताजनक वाटतात.

दृष्टिपटल निसटते तेव्हा बहुधा त्यास छिद्र पडून द्रव मागे शिरतो व पटल खालच्या रंजक पेशींच्या थरापासून सुटते. तेथे शस्त्रक्रियेची निकड असते. पी.ई.डी.मध्ये मात्र हा रंजक पेशींचा एकपदरी थरच त्याखालील ‘ब्रुक्स मेम्ब्रेन’ या पापुद्र्यापासून वर उचलला जातो. पटलास छिद्र नसते. म्हणून भीती अनाठायी, पण निश्चिंती त्याहून घातक.

कारण पी.ई.डी. हा स्वतंत्र व्याधी नव्हे, तो अन्य विकृतीचा परिणाम आहे. रंजक पेशी द्रव सतत बाहेर टाकीत असतात. वार्धक्यात ब्रुक्स मेम्ब्रेनमध्ये स्निग्ध द्रव्ये साचली की ती वाट अडते आणि द्रवाचा फुगा होतो. कधी ‘ड्रुझेन’ नावाचे साठे एकत्र मिळून उंचवटा तयार होतो. सर्वांत गंभीर प्रकारात खालच्या रक्तवाहिनीमय थरातून नाजूक नव्या वाहिन्या फुटतात, पाझरतात, प्रसंगी रक्तस्राव करतात. गाठीसारख्या फुगलेल्या वाहिन्यांचा ‘पॉलिपॉइडल’ विकार आशियाई लोकांत विशेष आढळतो. मध्यमवयीन पुरुषांत ‘सेंट्रल सिरस’ हा विकार कारण असू शकतो आणि त्याचा स्टेरॉइडशी संबंध सुपरिचित आहे. गोळ्याच नव्हेत, श्वासाचा पंप, त्वचेचे मलम, सांध्यातील इंजेक्शनही त्यात आले.

सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात पटलगत दोषांचे वर्णन करताना रुग्णास माश्या, केस, जाळी दिसतात हे नोंदविले. रुग्णास काय दिसते हे इतक्या बारकाईने विचारण्याची परंपरा आपलीच आहे. तिला स्मरून प्रत्येक वृद्ध रुग्णास विचारावे : दाराची चौकट वाकडी दिसते का? अक्षरे मध्येच पुसट होतात का? अ‍ॅम्सलर तक्ता, म्हणजे दहा सेंटिमीटरचा चौकटींचा कागद, वाचनाचा चष्मा लावून, सुमारे तीस सेंटिमीटरवर धरून, एकेक डोळा झाकून दाखवावा. खर्च जवळजवळ शून्य! तथापि तक्ता निर्दोष दिसला म्हणजे रोग नाही, असे नव्हे; काही रुग्णांना काहीच जाणवत नाही.

पण थराखाली द्रव आहे, ड्रुझेन आहेत की नव्या वाहिन्या, हे दर्शन-स्पर्शन-प्रश्नांनी कळणे अशक्य. तेथे १९९१ साली प्रथम वर्णिलेले ओ.सी.टी. हवे. त्यात थरांचा छेदच दिसतो. जोडीला फ्लुरोसीन अँजिओग्राफी : निव्वळ द्रवाचा फुगा रेखीव कडांनी एकसारखा उजळतो, कडेला खाच असल्यास लपलेल्या वाहिनीचा संशय घ्यावा. पॉलिपसाठी इंडोसायनिन ग्रीन. हे सारे ‘तिमिर’ या एका शब्दात कोंबणे म्हणजे सुश्रुतांच्या सूक्ष्मतेचाच अव्हेर होय, असे आमचे स्पष्ट मत आहे.

वाहिन्यांच्या प्रकारात डोळ्यात इंजेक्शने देण्याचा उपचार आहे आणि त्यात विलंब झाल्यास गेलेली मध्यदृष्टी बहुधा परत येत नाही. उचललेला थर अचानक फाटूही शकतो. अशा रुग्णास ‘तीन महिने घृत घेऊन पाहा’ असे सांगण्याचा अधिकार आम्ही स्वतःस देत नाही. आधी नेत्रपटलतज्ज्ञाकडे, त्याच आठवड्यात. घृत, आहार, पथ्य यांचा विचार नंतर, तज्ज्ञांस कळवून.

औषधालयचालक बंधूंना एक विनंती. सांधेदुखीवर ‘जादूसारखे’ गुण देणाऱ्या, घटकद्रव्ये न छापलेल्या चूर्णांत स्टेरॉइडची भेसळ सापडल्याची उदाहरणे आपणांस ठाऊक आहेत. असा माल ठेवू नये, आणि चिठ्ठीवाचून स्टेरॉइडयुक्त मलम देऊ नये. ते घेणाऱ्याने नजर वाकडी झाल्याचे सांगितल्यास नेत्रतज्ज्ञाकडे धाडावे. मात्र डॉक्टरांनी दिलेले स्टेरॉइड त्यांना विचारल्यावाचून एकाएकी बंद करावयास सांगू नये.