लेणी कोणी कोरली?

लेण्याद्रीला गिरिजात्मजाच्या दर्शनास जाणारा भाविक वस्तुतः एका बौद्ध विहारात उभा असतो. पार्वतीच्या तपाची कथा त्याला त्या डोंगराशी जोडते. तिची टिंगल करणे हा निव्वळ पढिकपणा होय. परंतु महाराष्ट्रातील लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली असे सांगितले जाते, तेव्हा श्रमणाऱ्यांच्या पिढ्याच पुसल्या जातात. जुन्नरच्या शिलालेखांत धान्य-व्यापाऱ्यांच्या श्रेणीने दिलेले सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके नोंदलेले आहे. बुरुडांच्या श्रेणीचाही उल्लेख आहे. पाथरवट मात्र दानलेखांतही सहसा भेटत नाही. धरणे पुढारी बांधतात, हे आजचे मिथक त्याच कुळीचे. शेजारच्या आंबेगावात डिंभे धरणाखाली ज्या महादेव कोळ्यांच्या जमिनी गेल्या, त्यांना या कथेत पात्रच नाही.