गुपित कुणापासून?

वेंगुर्ले बंदरात पहाटे होडी किनाऱ्याला लावणाऱ्या कुणाही गाबीत बांधवाला विचारा, २६ नोव्हेंबर २००८ नंतर काय बदलले? 'कुबेर' ही मच्छीमार नौका पळवून अतिरेकी मुंबईपर्यंत आले आणि त्यानंतर मच्छीमारांचे ठसे, फोटो, होड्यांचे नंबर सरकारदप्तरी जमा झाले. देशाच्या रक्षणासाठी हे करावे लागते, त्याबद्दल आमची तक्रार नाही.

आमचा सवाल निराळा आहे. सरकार जमवलेली गुप्त माहिती परदेशांना आणि आंतरराष्ट्रीय संस्थांना देते, तेव्हा त्याला कोणत्या कायद्याची वेसण आहे?

द्यावी लागते, हेही खरे. मसूद अजहरचे नाव संयुक्त राष्ट्रांच्या १२६७ समितीच्या यादीत १ मे २०१९ रोजी आले, त्यामागे भारताचा वर्षानुवर्षांचा पाठपुरावा होता. पण देण्याचे नियम कुठे आहेत? १९२३ चा शासकीय गुपितांचा कायदा इंग्रजांनी केला, तो गुपित फोडणाऱ्याला तुरुंगात धाडतो. सरकारने स्वतः काय, कुणाला, कोणत्या अटीवर द्यावे, याबद्दल तो मुका आहे. २००५ चा माहिती अधिकार कायदा तरी? त्याच्या कलम ८ नुसार परदेशी सरकारने विश्वासाने दिलेली माहिती तुम्हा-आम्हाला नाकारता येते. कलम २४ नुसार आयबी आणि रॉ या कायद्याबाहेर आहेत. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंग एवढाच अपवाद. म्हणजे कुंपण आहे, पण ते नागरिकाच्या बाजूला!

आता बाबासाहेब पाहा. २९ ऑगस्ट १९४९ रोजी संविधान सभेत केंद्रीय गुप्तवार्ता व अन्वेषण विभागाची नोंद चर्चेला आली. सभासदांनी शंका काढल्या. 'अन्वेषण' या शब्दाने गुन्ह्याचा तपास करण्याचा अधिकार मिळत नाही, तो पोलिसांचाच, असा खुलासा बाबासाहेबांनी केला. एका शब्दाचीही हद्द त्यांनी आखून दिली. केंद्रीय सूचीतल्या त्या आठव्या नोंदीने संसदेला कायदा करण्याचा अधिकार दिला. पाऊणशे वर्षे झाली, आयबी आणि रॉसाठी स्वतंत्र कायदा अजून नाही. मनीष तिवारी यांनी २०११ साली खासगी विधेयक आणले, ते तसेच राहिले. परदेशांशी करार करायलाही सरकारला संसदेची संमती लागत नाही.

आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या रोम संविधीत कलम ७२ आहे. राष्ट्रीय सुरक्षेला धोका म्हणून एखाद्या देशाने माहिती अडवली, तर आधी वाटाघाट, मग माहितीचे रूप बदलणे, बंद दाराआड सुनावणी, असा मार्ग त्यात लिहिलेला आहे. भारत त्या न्यायालयाचा सभासद नाही, तो वाद वेगळा. पण नकाराचीही रीत लिहून ठेवता येते, हे तरी दिल्लीने पाहावे.

आम्ही हे का मांडतो? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवलेले समाज १९५२ साली विमुक्त झाले, पण पोलिसांच्या वहीतून त्यांची नावे गेली नाहीत. देशातल्या देशात वही खोडता येत नाही, तर देशाबाहेर गेलेली नोंद कोण खोडणार? उद्या वेंगुर्ल्याच्या एखाद्या खलाशाचे नाव चुकून तिकडच्या यादीत चढले, तर त्याने अर्ज कुठे करावा? तहसील कचेरीत?