पेटंट किती, यापेक्षा ज्ञान कुणाच्या हाती?

'आमच्या कॉलेजचे पेटंट पब्लिश झाले!' असे अभिनंदनाचे स्टेटस हल्ली वारंवार दिसतात. मित्रांनो, अर्ज केल्यावर १८ महिन्यांनी तो प्रसिद्ध होतोच. जादा फी भरली तर त्याआधीही. कल्पना खरोखर नवी आहे का, ही तपासणी त्यानंतरची. प्रसिद्ध होणे म्हणजे पेटंट मिळणे नव्हे.

आणि पेटंट मिळाले म्हणजे विकास झाला, असेही नाही. पेटंट हा सौदा आहे. संशोधक आपली युक्ती लिहून उघड करतो, बदल्यात सरकार त्याला २० वर्षांची मक्तेदारी देते. ते ज्ञान परवडणाऱ्या दरात लोकांपर्यंत पोहोचले आणि पुढे नेणारी माणसे तयार असली, तरच हा सौदा समाजाला फळतो.

औषधांचे उदाहरण घ्या. १९७० च्या कायद्याने औषधावरचे पेटंट काढून फक्त ते बनवण्याच्या पद्धतीवर ठेवले. वेगळ्या पद्धतीने तेच औषध बनवायला आपले केमिस्ट मोकळे झाले. ख्वाजा अब्दुल हमीद यांनी १९३५ मध्ये मुंबईत स्थापन केलेल्या सिप्लाने २००१ मध्ये एचआयव्हीचा तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलरमध्ये देऊ केला. मोठ्या कंपन्यांचा दर तेव्हा १०,००० डॉलरच्या वर होता. कायद्याने दार उघडले; आत जायला शिकलेली माणसे होती, म्हणून हे घडले. २००५ मध्ये औषधावरचे पेटंट परत आले.

आता आपल्या कपाशीकडे या. बीटी कपाशीला २००२ मध्ये परवानगी मिळाली. ती आणली शेजारच्या जालन्याच्या महिकोने, अमेरिकेच्या मोन्सॅन्टोसोबत. त्या पहिल्या जीनवर भारतात पेटंट नव्हतेच! तरी पिशवी १,६०० रुपयांच्या घरात होती. बियाणे कंपन्यांशी केलेल्या करारांतून शुल्क वसूल होत होते, आणि वाण हायब्रीड असल्याने शेतकऱ्याला घरचे बी धरता येत नव्हते. पेटंट नसले तरी कुलूप होतेच. २००६ मध्ये आंध्र प्रदेश सरकार भांडले, तेव्हा दर ७५० वर आला आणि बीटीचा पेरा झपाट्याने वाढला.

दुसरी बाजूही प्रामाणिकपणे पाहू. २०१६ मध्ये केंद्राने शुल्क ४९ रुपयांवर आणले. त्याच वर्षी महिकोने तणनाशक सहन करणाऱ्या पुढच्या कपाशीचा अर्ज मागे घेतला. आज तसले बियाणे विदर्भात चोरवाटेने येते, ना पावती, ना हमी. मोबदला फार ओढला तर शेतकरी मरतो; फार कापला तर नवे तंत्र दारात थांबते. स्वतःचे संशोधन नसणाऱ्याला दोन्हीकडून मार बसतो.

म्हणून शेगाव, मलकापूर, बुलढाण्यात इंजिनिअरिंग शिकणाऱ्यांना एक सांगणे आहे. प्रोजेक्टचा विषय शोधताना पेटंट कार्यालयाच्या नोंदी वाचा. त्या ऑनलाइन आणि मोफत आहेत. मुदत संपलेले पेटंट कुणीही वापरू शकतो. परदेशात पेटंट आहे पण भारतात घेतलेले नाही, असे तंत्रही इथे बनवता येते. कापूस वेचणी, सोयाबीन मळणी, ठिबक असा एक प्रश्न धरा, जुनी रचना आपल्या शेताच्या मापाने बनवा, शेतात चालवून बघा. त्यातून खरेच नवे निघाले, तर जरूर अर्ज करा.

भिंतीवर लावलेल्या प्रमाणपत्राने जिल्ह्याचे उत्पन्न वाढत नाही. खामगावच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये ते यंत्र बनू लागले, की वाढते.