पगार विचारला तर खिदमत बाटते का?

आखाती देशांत इंग्रजी शिकवायला जाणाऱ्या आपल्या मुलींचा पगार दुबईत किंवा दोह्यात ठरतो, असा आपला समज आहे. तो बऱ्याच आधी, इथेच ठरलेला असतो: पिरंगुटला, कोंढव्यात, मुंब्र्यात, मालेगावात. तिकडची शाळा इथे पडलेला आकडा फक्त पुढे ओढते. त्यामुळे एजंटाला शिव्या घालून मोकळं होण्याआधी आपण आपलं घर आणि आपल्या संस्था यांच्याकडे नीट बघायला हवं.

मी मुळशी तालुक्यात, हिंजवडीत सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. नोकरी बदलताना आमच्याकडे पगारावर दोन-तीन फेऱ्या बोलणी होतात. फिक्स्ड किती, व्हेरिएबल किती, जॉइनिंग बोनस आहे का, नोटीस पिरियडचे पैसे कोण भरणार, हे न विचारणाऱ्याला लोक भोळा समजतात. त्याच तालुक्यात इंग्रजी माध्यमाच्या शाळेत मुलाखतीला गेलेली बी.एड. बाई पगाराचा प्रश्न अगदी शेवटी, खाली बघून विचारते. विचारलाच तर उत्तर मिळतं, "मॅडम, आपण कौमची खिदमत करतोय." मला आजवर कुणी कोडिंगला खिदमत म्हटलेलं नाही.

हा खिदमतीचा हिशेब परदेशात कसा पोचतो, ते माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत मी जवळून पाहिलं. बी.ए. इंग्रजी, बी.एड., आणि पुण्यातल्या आपल्याच समाजाच्या एका शाळेत पाच वर्षं. पगार ११ हजार, त्यातले काही बँकेत, काही हातात. संयुक्त अरब अमिरातीतल्या एका शाळेने ऑनलाइन मुलाखत घेतली, निवड केली आणि मागच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या मागितल्या. पावती तिला कधी मिळालीच नव्हती. बँकेचा उतारा पाठवला, त्यात दिसत होते सहा हजार. ऑफर आली ३,००० दिरहमची. तिच्याबरोबर निवडलेल्या, एका नावाजलेल्या शाळेतून आलेल्या मुलीला त्याच इयत्ता शिकवायला ४,२०० दिरहम. ही बोलणी करायला निघाली तर घरातले वडीलधारे म्हणाले, "तीन हजार दिरहम म्हणजे आपले किती होतात ठाऊक आहे का? गुमान सही कर."

आधीचा पगार विचारून नवा ठरवायचा, ही चाल आयटीतही आहे. पण जगात तिला आता अन्याय म्हणून ओळखलं जातं. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने २०१६ साली कायदा करून मुलाखतीत आधीचा पगार विचारण्यावर बंदी आणली. युरोपियन युनियनने २०२३ च्या निर्देशातून तेच केलं. कारण सरळ आहे: एकदा कमी पगार मिळालेल्या माणसाला, आणि बहुतेकदा बाईला, हा प्रश्न जन्मभर कमी पगारातच अडकवून ठेवतो. आपल्या संस्था मुलींच्या हातात नेमका हाच कमी आकडा देऊन त्यांना जगात पाठवतात.

आता त्या ऑफरचं पोट फाडून बघू. ३,००० पैकी मूळ वेतन फक्त १,२०० आणि बाकी सगळे भत्ते. घरच्यांनी एकूण आकडा बघितला. पण अमिरातीच्या कायद्यात नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी मूळ वेतनावर मोजतात, पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षामागे २१ दिवसांचं. १,२०० मूळ वेतनावर पाच वर्षांचे ४,२०० दिरहम होतात. त्याच ३,००० मध्ये मूळ वेतन २,००० दाखवलं असतं तर ७,००० झाले असते. फरक २,८०० चा, म्हणजे जवळजवळ एका महिन्याचा पगार. न घेतलेल्या रजेचे पैसेही मूळ वेतनावरच. एकूण पगार एका दिरहमनेही न वाढवता ही मागणी करता येते. ती केली नाही, कारण विचारायचंच नाही असं ठरलं होतं.

दुसरा सापळा नवऱ्याच्या व्हिसाचा. आपल्या अनेक मुली लग्न होऊन तिकडे जातात आणि तिथल्या भारतीय शाळांत लागतात. व्हिसा नवऱ्याचा, घर नवऱ्याचं, म्हणून हिचा पगार म्हणजे 'हातखर्च', असं शाळाही धरते आणि सासरही. पण बाई कुणाच्याही व्हिसावर असली तरी अमिरातीत नोकरीसाठी तिच्या स्वतःच्या नावाचं वर्क परमिट लागतं. वर्ग तेवढेच, वह्या तेवढ्याच, मग पगार निम्मा का? नवरा कमावतो म्हणून दुकानदार हिला तांदूळ निम्म्या भावात देत नाही.

तिसरी गोष्ट पासपोर्टच्या रंगाची. दक्षिण कोरियात इंग्रजी शिकवण्याचा नेहमीचा व्हिसा अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. आखातातही 'नेटिव्ह स्पीकर'चा दर वेगळा आणि आपला वेगळा, हे उघड गुपित आहे. अमिरातीच्या २०२१ च्या कामगार कायद्यात राष्ट्रीयत्वावरून भेदभावाला मनाई असूनही हे चालतं. याउलट आपल्या देशाचा नियम बघा. भारतात नोकरीला येणाऱ्या परदेशी माणसाला एम्प्लॉयमेंट व्हिसा हवा तर सर्वसाधारणपणे वार्षिक पगार १६ लाख २५ हजारांहून जास्त असावा लागतो. परकीय भाषा शिकवणाऱ्यांना यातून सूट आहे, पण इंग्रजी शिकवणाऱ्यांना ती नाही. येणाऱ्या गोऱ्या मास्तरांसाठी पगाराची खालची रेघ आखलेली आहे. जाणाऱ्या आपल्या बाईंसाठी कुणी कसलीच रेघ आखलेली नाही.

सरकारने मनात आणलं तर रेघ आखता येते. दहावी पास झालं की पासपोर्टला इमिग्रेशन क्लिअरन्स लागत नाही, त्यामुळे पदवीधर शिक्षिका सरकारच्या नजरेबाहेर पडते. परिचारिकाही अशाच शिकलेल्या. पण एजंट त्यांच्याकडून लाखो रुपये उकळतात हे उघड झालं, केरळात ओरड झाली, आणि २०१५ पासून आखातासह ठरावीक देशांत जाणाऱ्या परिचारिकांना क्लिअरन्स सक्तीचा झाला, भरती ठरावीक संस्थांमार्फत सुरू झाली. शिक्षिकांसाठी महाराष्ट्रात कुणी ओरडलंच नाही. आपण तरी कुठे ओरडलो?

यावर तीन आक्षेप नेहमी येतात. पहिला, "जास्त मागितलं तर ऑफर जाईल." ज्या शाळेने मुलाखत घेऊन निवड केली, तिला सत्र सुरू होण्याआधी वर्गात शिक्षक उभा करायचा असतो. मूळ वेतन किती, करार दहा महिन्यांचा की बारा, सुट्टीचा पगार मिळतो का, विमान तिकीट आणि पदवीच्या अटेस्टेशनचा खर्च कोणाचा, हे ईमेलवर विचारल्याने जी शाळा पळून जाते तिथे न गेलेलंच बरं. दुसरा, "रुपयांत बघा की." रुपयांत बघायचंच असेल तर शारजातलं घरभाडंही रुपयांत बघा.

तिसरा आक्षेप संस्थाचालकांचा: "आमच्याकडे पैसा नाही." असेल. मग हिशेब सूचनाफलकावर लावा. धर्मादाय आयुक्तांकडे तो द्यावा लागतोच. महाराष्ट्राचा खासगी शाळा कर्मचाऱ्यांचा १९७७ चा कायदा अनुदान असो वा नसो, खासगी शाळांना लागू आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३० ने आपल्याला संस्था चालवण्याचा हक्क दिला. शिक्षिकेकडून पूर्ण पगारावर सही घेऊन अर्धा परत मागण्याची मुभा त्यात कुठे लिहिलेली नाही. काम देण्याआधी मजुरी सांगावी ही शिकवण आपण जुम्म्याला ऐकतो आणि शनिवारी मुलाखत घेताना विसरतो. ९ जानेवारीला फातिमाबी शेख यांची जयंती करून शिक्षिकांना शाली पांघरायच्या आणि ३१ तारखेला पगार थकवायचा, हा सन्मान कसला?

म्हणून आपल्या संस्थांकडे मागण्या साध्या आहेत. भरतीच्या जाहिरातीत पगार छापा. सगळा पगार बँकेत जमा करा. दर महिन्याला पावती द्या. अनुभवाचा दाखला मागितल्यावर आठवड्यात द्या, तो अडवून ठेवू नका. सरकारकडे मागणी एकच: परिचारिकांना दिलेलं संरक्षण शिक्षिकांना द्या. केरळात ओडेपेक ही सरकारी कंपनी १९७७ पासून परदेशी भरती करते. महाराष्ट्राच्या शिक्षिकेने मात्र एजंटाच्या दारात उभं राहायचं, हे चालणार नाही.

आणि जाणाऱ्या बहिणींनो, एजंटाचा नोंदणी क्रमांक ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. त्याला कायद्याने ३० हजार रुपये आणि वर जीएसटी, एवढंच घेता येतं. पासपोर्ट कुणाच्या कपाटात ठेवू देऊ नका. १९६७ च्या कायद्याप्रमाणे तो भारत सरकारच्या मालकीचा आहे. शाळेने आधीचा पगार विचारला तर या जागेचा पगार काय, हे उलट विचारा. घरचे गप्प बसायला सांगतील, तेव्हा त्यांना करार वाचून दाखवा, एकेक ओळ, मूळ वेतनाच्या आकड्यासकट.