शास्त्रज्ञ नायकाला हाकलू नका

जगावर संकट येतं, सरकारं गांगरतात आणि शेवटच्या प्रकरणात एक शास्त्रज्ञ सगळ्यांना वाचवतो. अशा विज्ञानकथांवरचा आक्षेप आता पाठ झाला आहे. म्हणे, हा नायक पांढरा कोट चढवलेला अवतारच. खरं विज्ञान शेकडो माणसं मिळून करतात, आणि असल्या कथा वाचकाला तारणहाराची वाट बघत बसायला शिकवतात.

यातला मधला मुद्दा बिनतोड आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये नासाचं 'डार्ट' यान डायमॉर्फॉस या लघुग्रहावर आदळलं आणि त्याचा जोडीदार लघुग्रहाभोवतीचा प्रदक्षिणाकाळ अर्ध्या तासाहून थोडा जास्त घटला. त्यामागे एकच नायक शोधू गेलात तर सापडायचा नाही.

पण फ्रेड हॉइल यांची १९५७ सालची 'द ब्लॅक क्लाउड' ही कादंबरी उघडून बघा. अमेरिकेत एक तरुण दोन फोटोप्लेट आलटूनपालटून न्याहाळतो, तर आकाशाच्या एका तुकड्यातले तारे एका काळ्या ढगाने झाकले गेलेले. तिकडे केंब्रिजमध्ये किंग्जली हा शास्त्रज्ञ नायक ग्रह ठरल्या जागी दिसत नाहीत यावरून गणित मांडतो आणि त्याच ढगापाशी पोहोचतो. दोन्ही उत्तरं जुळतात तेव्हा कुठे गांभीर्य कळतं. अवताराकडे असा ताळा कुणी मागतं का? बरं, किंग्जली जिंकतो असंही नाही. ढग बुद्धिमान निघतो, आणि त्याचं ज्ञान डोक्यात उतरवून घेताना तो जिवानिशी जातो. (माणूस उद्धट आहे, राजकारण्यांना कस्पटासमान लेखतो; हॉइल यांना ते जरा जास्तच आवडलेलं दिसतं.)

हॉइल यांचे शिष्य जयंत नारळीकर तर आणखी पुढे गेले. त्यांच्या 'धूमकेतू' कथेत संकट टाळायची योजना देशोदेशींचे शास्त्रज्ञ मिळून आखतात आणि इकडे धूमकेतू शोधणाऱ्याच्याच घरी शांतीसाठी यज्ञ होतो. पृथ्वी वाचते, पण घरच्यांची यज्ञावरची श्रद्धा तसूभर हलत नाही. हा कसला तारणहार? अँडी वीअरच्या 'प्रोजेक्ट हेल मेरी'तला शाळामास्तर तर मरणाच्या भीतीने पृथ्वी वाचवायच्या मोहिमेला नकार देतो. त्याला बळजबरीने यानात घालावं लागतं.

उत्तर ऐन वेळी पोतडीतून काढणाऱ्या कथांना खुशाल झोडपा. त्यांची संख्या कमी नाही, मराठीतही नाही. मात्र त्यापायी शास्त्रज्ञ नायकालाच हद्दपार करू नका. पुढची कथा हातात घ्याल तेव्हा एवढंच बघा, की नायकाचं उत्तर कथेतल्या दुसऱ्या कुणाला तपासता येतं का. येत नसेल, तर पुस्तक मिटून ठेवा.